शेवटी झोपवणं म्हणजे मारणंच काय?

महालचा_पोरगा: काल इथे एकाने लिहिलं, "मरणाऱ्याला झोपेचं औषध देणारे डॉक्टर कसाई, हा हप्त्याहप्त्याने खून आहे." डोकं फिरलं म्हणून लिहून राहिलो. बाबांना तोंडाचा कॅन्सर, खर्र्याची कृपा. मे महिना, कूलर तोंडावर लावला तरी पलंगाचा दांडा धरून उठून बसायचे, "हवा दे, हवा दे". मॉर्फीन वाढवलं, भागलं नाही. मग त्वचेखाली बारीक सुई लावून मिडाझोलम, म्हणजे ते झोपेचं औषध, थोडं थोडं, तडफड थांबेल एवढंच. दांड्यावरची मूठ सैल झाली. दोन दिवसांनी गेले. कॅन्सरने गेले भाऊ, औषधाने नाही.

निवृत्त_मास्तर: मीच लिहिलं होतं. झोपवलं की जेवण नाही, पाणी नाही, मग मरणारच! आमच्या काकांना न विचारता झोपवलं, सही नंतर घेतली.

नाइट_ड्युटी: सर, न विचारता दिलं ते चूकच, भांडायलाच पाहिजे होतं. पण त्या दिवसांत शरीरच अन्न नाकारतं हो, झोपेआधीच. आणि मारायचं इंजेक्शन भारतात आजही गुन्हा आहे. 2018 ला सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली ती व्हेंटिलेटर वगैरे काढायची आणि लिव्हिंग विलची, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायची. तेही 2023 पासून सोपं झालं, दोन साक्षीदार आणि नोटरी चालतो. झोपवणं वेगळं, मारणं वेगळं.

संत्राबर्फी: कायदा राहू द्या, घरात ठरवते कोण ते बोला. सासूबाई दोन दिवसांनी शांत झोपल्या होत्या. भासरे अमेरिकेतून उतरले, बॅग हातातच, "आई झोपली काऊन? उठवा, मला बोलायचं आहे." औषध बंद. रात्रभर कण्हल्या. साहेब हॉटेलात. आठ महिने डायपर मी बदलले.

ह्यूस्टनवाला: झालं, आम्हीच व्हिलन! पैसे कोण पाठवते?

संत्राबर्फी: पैशाने कूस बदलते का हो?

ह्यूस्टनवाला: विसा तुमचे भासरे छापत नाहीत मॅडम. मला बाबांचा चेहरा व्हिडिओ कॉलवर पाहावा लागला, तोही फोन उलटा धरलेला.

नाइट_ड्युटी: म्हणूनच शुद्धीत असताना विचारून ठेवा म्हणते मी. आम्ही तर म्हणतो, जे बोलायचं ते झोपवायच्या आधी बोलून घ्या. ऐकते कोण.

महालचा_पोरगा: मास्तर, गप्प झाले?

निवृत्त_मास्तर: बरं, "कसाई" मागे घेतो. "हप्ते" नाही घेत. आमचं बिल पाहिलं नाही तुम्ही.