प्रति: तीन मॉनिटर आणि आवाज न करणारा संगणक
तीन मॉनिटर चालवणारा, पण आवाज न करणारा संगणक कसा जुळवावा, या प्रश्नावरच्या आधीच्या उत्तरात म्हटले आहे, की तीन मॉनिटर जोडायचे म्हणजे वेगळे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा स्वतंत्र भाग) घ्यावेच लागेल; ते मत मला पटत नाही. गेम खेळायचे नसतील, तर हल्लीच्या बहुतेक प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स तीन मॉनिटर चालवू शकते. अडते ते मदरबोर्डवर (संगणकाचे सगळे भाग ज्याला जोडतात तो मुख्य बोर्ड), म्हणून त्याच्या मागच्या बाजूची एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट ही मॉनिटर जोडायची सॉकेट मोजूनच तो निवडावा. (इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ असतो, त्यात हे ग्राफिक्स नसते, तो स्वस्त दिसतो म्हणून घेतला, की सगळे गणित फिसकटते.)

आवाजाबाबत मात्र एक मुद्दा राहून गेला आहे. माझ्याकडे पूर्वी वेगळे कार्ड होते आणि त्याला १४४ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र ताजे करणारा) एक व ६० हर्ट्झचे दोन मॉनिटर जोडलेले होते. काहीही काम चालू नसताना त्याचा पंखा फिरत राही, कारण एकमेकांशी न जुळणाऱ्या रिफ्रेश रेटचे (चित्र ताजे करण्याच्या दराचे) मॉनिटर एकत्र आले, की अनेक कार्डांची मेमरी कमी वेगावर उतरतच नाही आणि विजेचा वापर व उष्णता दोन्ही वाढतात. पहिल्या मॉनिटरचा दर १२० हर्ट्झवर, म्हणजे ६० च्या बरोबर दुपटीवर, आणताच पंखा थांबला. तोवर मी आवाज कमी व्हावा म्हणून नवीन कॅबिनेट (संगणकाची पेटी) घेण्याच्या बेतात होतो.