सिंडेलफिंगनला येऊन तीनेक महिने झाले, मुलगी शाळेत तोंडच उघडत नाही. मार्चमध्ये परत जावं का?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी, बरंच लिहिणार आहे, आधीच सांगते, दिवसभर मराठीत बोलायला कोणी नसतं त्यामुळे सगळं साठलंय. आम्ही ऑगस्टमध्ये नाशिकहून इथे जर्मनीत आलो, स्टुटगार्टच्या शेजारी. नवऱ्याला गाड्यांच्या कंपनीत ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी लोकांचा नोकरी-वास्तव्याचा परवाना) नोकरी आहे. माझी नाशिकला बँकेत नोकरी, बिनपगारी रजा टाकून आलेय, ती मार्चअखेरीला संपते. म्हणून प्रश्न आत्ताच पडलाय.

मुलगी ८ वर्षांची, धाकटा ३. धाकट्याला किटात, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, जागा नाही, वेटिंग लिस्टवर आहे, म्हणजे तो चोवीस तास माझ्या कडेवर. मुलीला शाळेत व्हीकेएलमध्ये घातलंय, ज्यांना जर्मन येत नाही त्यांचा वेगळा वर्ग असतो तो, आणि गणित, चित्रकला, पीटीला ती तिसरीच्या वर्गात जाते. सप्टेंबरपासून ती शाळेत एक शब्द बोललेली नाही. खरंच एक शब्द नाही. बाईंना भेटले तर त्या हसून म्हणतात गांझ नोर्माल. नोर्माल कसलं, ही पोरगी नाशिकला गॅदरिंगमध्ये निवेदन करायची! घरी आली की दप्तर फेकते, भावाला बुकलते, आणि मग मोबाईलवर आजीशी तासभर बोलते. डबा तसाच परत येतो. मेथीचा पराठा दिला होता तर म्हणाली आई सगळ्यांच्या डब्यात काकडी आणि ब्रेड असतो, मला पण तेच दे, आणि उघडल्यावर वास नको.

त्यात खालच्या मजल्यावरच्या आजी. आमच्या दाराला एक पाटी लटकवून गेल्या, केरवोखे लिहिलेली, मला वाटलं काहीतरी जाहिरात आहे म्हणून मी ती काढून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी चिठ्ठी, तीन ओळी अधोरेखित. नंतर रविवारी मिक्सर लावला तर परत चिठ्ठी. लक्ष्मीपूजनाला नवरा ऑफिसात, मी पणत्या लावाव्यात की नको या विचारात, कारण छताला तो धुराचा अलार्म. आता पाच वाजायच्या आत काळोख होतो. नवरा म्हणतो प्रोबेझाइटचे, म्हणजे प्रोबेशनचे, सहा महिने जाऊ दे मग बोलू. सासूबाई म्हणतात पोरांचे हाल कशाला करताय. मुलांना घेऊन मी मार्चमध्ये परत जावं आणि नवऱ्याने एकट्याने राहावं, असं कोणी केलंय का? मुलीचं हे बोलणं बंद होणं किती दिवस चालतं?

एरंडवणे_ते_बोब्लिंगन:
ताई, तुमच्या शेजारच्याच गावात राहते, त्यामुळे हक्काने लिहितेय. मुलीचं आधी. व्हीकेएलमधल्या बायकांनी अशी खूप मुलं पाहिलेली असतात, त्या उगाच धीर देत नाहीयेत. मुलं आधी नुसती ऐकतात, आणि जी आपल्या भाषेत फाडफाड बोलणारी असतात ना ती कधीकधी जास्त गप्प होतात, कारण त्यांना चुकीचं बोललेलं चालत नाही. माझा मुलगा थंडी संपेपर्यंत मुका होता, मग एकदा खेळताना कोणीतरी मध्ये घुसलं तर जोरात ओरडला, इश बिन ड्रान, म्हणजे माझा नंबर आहे. त्यानंतर थांबलाच नाही. पण एक बघा, ती घरी बोलतेय, आजीशी बोलतेय, जेवतेय, झोपतेय ना? मग थांबा. घरी पण गप्प झाली किंवा शाळेत जायच्या आधी रोज पोट दुखायला लागलं तर मात्र किंडरआर्त्स्टला, म्हणजे मुलांच्या डॉक्टरला, दाखवा, तिथे लाजू नका.

तिला जिथे बोलावं लागत नाही अशा ठिकाणी घाला. टुर्नफेराइन, म्हणजे व्यायामाचा क्लब, बहुतेक गावांत असतो, वर्षाची फी फार नसते, उड्या मारायच्या, दोरीवर चढायचं, भाषा कोण विचारतंय. पोहणं शिकवा, इथे बरीच मुलं सेपफर्डशेन नावाचा बिल्ला मिळवतात, तो पोहण्याच्या ड्रेसवर शिवून मिरवतात. आणि वर्गातली एकच मुलगी घरी खेळायला बोलवा. एकच. वाढदिवसाला अख्खा वर्ग बोलवायची आपली सवय इथे उपयोगाची नाही, इथे साधारण जितकी वर्षं तितकी मुलं बोलवतात आणि त्यातही गप्प मुलगी कोपऱ्यात बसते.

घरी मराठीच बोला, कोणी जर्मन बोला म्हणालं तरी ऐकू नका, तुमचं तोडकं जर्मन ऐकून तिचं सुधारणार नाहीये 😄 डब्याचं मनावर घेऊ नका, काकडी आणि ब्रेडच द्या. पराठा चार वाजता घरी गरम गरम खाऊ दे. डबा ही मुलांची आपापसातली गोष्ट आहे, आपल्या संस्कृतीची परीक्षा नाही. पुढच्या वर्षी तीच म्हणेल जास्तीचा दे, मैत्रिणीला पाहिजे.

वडगावकर_श्वाबेनमध्ये:
केरवोखे 🙏 ताई ती पाटी काढून ठेवलीत म्हणजे या भागात फारच मोठा गुन्हा केलात हाहा. गंमत सोडा, सांगतो. ज्याच्या दारावर पाटी त्याची त्या आठवड्याची जिन्याची सफाई, झाली की पाटी पुढच्या दाराला लावायची. छोटी केरवोखे म्हणजे आपल्या मजल्याचा जिना, मोठी म्हणजे तळघर, अंगण, फूटपाथ, आणि बर्फ पडला तर तो पण ढकलायचा. स्टुटगार्टने शहराचा म्हणून हा नियम १९८८ साली रद्द केला पण भाड्याच्या करारात बहुतेक ठिकाणी असतोच, हाउसऑर्डनुंग (इमारतीचे नियम) म्हणून जोडलेला कागद बघा. शनिवारी सकाळी करा म्हणजे दिसतं, सगळ्यात महत्त्वाचं ते दिसणं. पायरीच्या कडेला कोपऱ्यात ओलं फडकं फिरवा, आजी बरोब्बर तिथेच बघतात. आमच्या आजी दोन महिने तपासणीला यायच्या, मग एक दिवस सफरचंदाचा केक घेऊन आल्या आणि तासभर गुडघ्यांबद्दल बोलल्या.

रविवारी मिक्सर, ड्रिल, व्हॅक्यूम नको, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकणं पण नको, त्याच्या वेळा कंटेनरवरच लिहिलेल्या असतात. इडलीचं शनिवारी वाटून ठेवा. मुलांच्या पळण्याचा आवाज झाला म्हणून इतकं दबून राहू नका, तेवढं चालवून घेतात. आणि फोडणी देताना खिडकी सताड उघडा, हिवाळ्यात सुद्धा, दिवसातून दोनतीनदा पाचपाच मिनिटं, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि घरमालक डिपॉझिटमधून कापतो.

म्युनिकचा_बापू:
भावनिक बाजू वरच्यांनी सांगितली, मी कागदांचं सांगतो, कारण नवीन माणसांचं इथेच नुकसान होतं. किंडरगेल्डचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज केलाय का? २०२५ मध्ये दर मुलामागे महिना २५५ युरो होते, आणि मागचे सहा महिन्यांचेच मिळतात, उशीर केला की गेले. सरकारी आरोग्य विमा असेल तर तुम्ही कमवत नसताना तुम्ही आणि मुलं नवऱ्याच्या विम्यात फुकट येता, वेगळी पॉलिसी कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं, नंतर लेखी आणि गाडी चालवायची दोन्ही परीक्षा, ऑगस्टचं धरलं तर तुमचं फेब्रुवारीत संपतंय. रात्री-अपरात्री मूल आजारी पडलं आणि अगदी जिवावरचं नसेल तर ११६११७ ला फोन करा, जिवावरचं असेल तर ११२.

किटाचं, एक वर्षाच्या पुढच्या मुलाला जागा मिळणं हा २०१३ पासून कायद्याने हक्क आहे. वेटिंग लिस्टवर आहे म्हणून गप्प बसू नका, युगेंडआम्टला (मुलांचं बघणारं सरकारी ऑफिस) लेखी पत्र टाका की आम्हाला या तारखेपासून जागा हवी आहे. ईमेल नको, पत्र. इथे कागदाला किंमत आहे. लगेच मिळेलच असं नाही पण यादीत हालचाल होते.

आणि ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला इथे कुठलीही नोकरी करायला परवानगी असते, वेगळा व्हिसा लागत नाही, बऱ्याच जणींना हे माहीतच नसतं.

परत_आलेला_कोथरूडकर:
मी उलट्या बाजूने लिहितो, आम्ही जर्मनीतून परत आलो आणि मजेत आहोत, त्यामुळे परत जाणं म्हणजे हरणं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पण तारीख नीट निवडा. मार्चमध्ये आणलंत तर आपल्याकडे वर्ष संपत आलेलं असतं, मुलगी दोन महिने नुसती घरी बसेल, त्यापेक्षा जूनच्या ॲडमिशनच्या हिशोबाने ठरवा. उलट फार लांबवलंत तरी त्रास आहे. तिकडे चौथीनंतर फाटे फुटतात, गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), रेआलशूले (मधल्या स्तराची) वगैरे, तुमच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये, आता शिक्षकांची शिफारस, पालकांची इच्छा आणि कोम्पास ४ नावाची परीक्षा अशा तिन्हीतल्या दोन जुळाव्या लागतात गिम्नाझियमसाठी. मुलगी तिसरीत आहे म्हणजे पुढच्याच वर्षी हे सगळं येतंय आणि तिचं जर्मन तोवर कच्चं असणार. व्हीकेएलच्या मुलांसाठी काय सवलत आहे ते शाळेत आत्ताच विचारून ठेवा. आमचा मुलगा सहावीत असताना परत आणला, मराठी फक्कड बोलायचा पण देवनागरी लिहिता येत नव्हतं, तिथे एक वर्ष गेलं. राहिलात तरी रोज अर्धं पान लिहून घ्या तिच्याकडून.

आता थोडं आगाऊ बोलतो, राग मानू नका. तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलीबद्दल डझनभर वाक्यं आहेत, तुमच्या नोकरीबद्दल दीड. आमच्या घरात परत यायचं खरं कारण बायकोचं काम हे होतं आणि सगळ्या नातेवाईकांना आम्ही सांगत होतो मुलाला सूट होत नाही. मुलगा बिचारा छान रुळला होता. मुलीच्या गप्प बसण्यावर हा निर्णय टाकू नका, ती फेब्रुवारीत बोलायला लागली तर मग काय करणार? मार्च तुमचा आहे, तिचा नाही.

गोदाकाठची:
सगळ्यांना थँक्यू, खरंच. बापूदादा किंडरगेल्डचा अर्ज नवऱ्याच्या टेबलावर पडून होता, आज त्याला सही करायला लावली. पाटी परत दाराला लावली आणि जिना पुसला, आजी दाराच्या फटीतून बघत होत्या.

कोथरूडकर, राग नाही आला, पण दिवसभर डोक्यात तेच होतं. बँकेत ११ वर्षं काढलीत, प्रमोशनची परीक्षा दिलेली आहे, हे मी नवऱ्याला धड सांगितलेलंच नाही, कारण तो आधीच टेन्शनमध्ये असतो आणि मग मी मुलीचं सांगते, ते त्याला लगेच पटतं. रात्री बोललो. रजा अजून वाढवून मिळते का ते आधी विचारायचं ठरलंय, नाही मिळाली तर काय याची चर्चा भांडणात संपली, असो. मला इथे काही करायचं तर जर्मन पाहिजे, आणि धाकटा घरी असताना क्लासला जायचं कसं ते कळत नाही. ऑनलाइन करून पाहिलं, तो लॅपटॉपवर चढतो.

एरंडवणे_ते_बोब्लिंगन:
अगं मग इंटिग्रात्सिओन्सकुर्स, म्हणजे नवीन आलेल्यांचा सरकारी कोर्स, बघ ना (आता अगं म्हणते, चालेल ना). ६०० तास भाषा आणि वर १०० तास इथला कायदा, इतिहास वगैरे. नवऱ्याबरोबर आलेल्यांना बहुतेक वेळा मिळतो, परवानगीचं पत्र आउसलेंडरबेहोर्डेकडून (परदेशी लोकांचं ऑफिस) घ्यायचं, फी पूर्ण भरावी लागत नाही. काही ठिकाणी खास आयांचे वर्ग असतात सकाळचे, शेजारच्या खोलीत मुलं सांभाळतात, फोल्क्सहोखशूलेत (मोठ्यांच्या क्लासेसची संस्था) जाऊनच विचार, वेबसाइटवर सगळं नसतं. धाकट्याच्या कानावर पण जर्मन पडेल. आणि बँकेचा अनुभव वाया जाणार नाही, आमच्या ओळखीत एक जण अकाउंट्समध्ये लागली, पण बी१ (जर्मनची मधली पातळी) झाल्यावर, त्याआधी कोणी दारात उभं करत नाही, खोटी आशा देत नाही.

रजेचं पत्र बँकेला आधी टाक, उत्तर यायला वेळ लागतो. आणि आउसलेंडरबेहोर्डेची अपॉइंटमेंट आजच बघ, डिसेंबरच्या विसाव्या तारखेनंतर ऑफिसात कोणी सापडणार नाही, सगळे थेट जानेवारीत उगवतात. फॉर्म कळला नाही तर इथेच लिही, शनिवारी मी सिंडेलफिंगनलाच असते, इंडियन दुकानात, पोहे आणायला.