मदत हवी आहे: एचएस-सीआरपी 6.2 आलंय, डिप्रेशन हटत नाही. मेंदूला सूज असेल का?

धागाकर्ता: घरातल्या 43 वर्षांच्या पुरुषाला डिप्रेशनसाठी एसिटालोप्रॅम 10 मिग्रॅ सुरू होऊन 7 आठवडे झाले. झोप सुधारली, पण थकवा आणि कशातच रस नसणं जसंच्या तसं. हेल्थ पॅकेजमध्ये एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) 6.2 आलं. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ फिरतोय की डिप्रेशन म्हणजे मेंदूची सूज, हळदीच्या कॅप्सूल घ्या. एमआरआय करावा का? सूज उतरवायची गोळी चालेल का?

निशिगंध: आधी रिपोर्टच्या उजव्या रकान्यात बारीक अक्षरात एकक काय छापलंय ते बघा. मिग्रॅ/लिटर की मिग्रॅ/डेसिलिटर? दुसरं असेल तर तो आकडा मिग्रॅ/लिटरमध्ये 62 होतो, आणि मग डिप्रेशन राहू द्या बाजूला, आधी अंगात संसर्ग कुठे आहे ते शोधा.

मिग्रॅ/लिटर धरलं तरी एका रिपोर्टवर जाऊ नका. सर्दी, ताप, लस, मुकामार यातलं काही नसताना 2-3 आठवड्यांनी पुन्हा करा. सीआरपी यकृतात तयार होतं. शरीरात कुठेतरी दाह आहे एवढंच ते सांगतं, मेंदूतला दाह त्यावरून कळत नाही. सुटलेलं पोट, सिगारेट, हिरड्यांचा आजार, संधिवात, कशानेही ते वाढतं.

एमआरआयचे पैसे वाचवा. हा सौम्य दाह नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसत नाही. 2015 मध्ये टोरांटोत 20 रुग्ण आणि 20 निरोगी लोकांचे पेट स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेले मेंदूचे स्कॅन) केले, तेव्हा रुग्णांच्या मेंदूत दाहाची खूण सरासरी 30 टक्क्यांच्या आसपास जास्त दिसली. पण ती गटाची सरासरी. एकट्या माणसाचं निदान त्यावरून होत नाही.

ओंजळ: दाह आणि डिप्रेशनचा संबंध खरा आहे, व्हिडिओतला 'म्हणजे' खोटा. हिपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉनची (दाह वाढवणारी) इंजेक्शनं द्यायचे तेव्हा बऱ्याच रुग्णांना काही आठवड्यांत डिप्रेशन यायचं. दाहात ट्रिप्टोफॅन (जेवणातून मिळणारं अमिनो आम्ल) सेरोटोनिन या मूडशी निगडित रसायनाकडे न जाता कायन्युरेनिन या दुसऱ्या रसायनाच्या वाटेला लागतं. उत्साह देणाऱ्या डोपामिनवरही परिणाम होतो, म्हणून रडण्यापेक्षा थकवा आणि निरसपणा जास्त. पण डिप्रेशनच्या बहुतेक रुग्णांत सीआरपी 3 च्या आतच असतं.

औषधाचं म्हणाल तर 2013 मध्ये डिप्रेशनच्या 60 रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब (दाह दाबणारं, सलाईनमधून द्यायचं औषध) तपासलं. एकूण फरक शून्य. सीआरपी 5 च्या वर असलेल्यांना फायद्याची चिन्हं दिसली, खाली असलेल्यांत तर औषधाविना नुसतं सलाईन बरं ठरलं. 6.2 बघून लगेच हुरळू नका: या औषधाने दबलेला टीबी उसळतो, आपल्याकडे हे विसरून चालत नाही. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या एसिटालोप्रॅमसोबत रोज घेतल्या तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतली हळद खुशाल चालू द्या.

धागाकर्ता: एकक मिग्रॅ/लिटरच आहे. कमरेचा घेर 104 सेंमी, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं.

निशिगंध: मग 6.2 चं कोडं बरंचसं इथेच सुटण्यासारखं आहे. दातांच्या डॉक्टरांकडे स्केलिंग करून घ्या. टीएसएच (थायरॉइड), बी12, हिमोग्लोबिन, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) झालं नसेल तर करा. थकवा यातल्या कशाचाही असू शकतो. झोपेत घोरत असतील, मध्येच श्वास अडकत असेल तर तेही सांगा.

मानसोपचारतज्ज्ञांना सरळ विचारा: 7 आठवड्यांत अर्धवट फरक पडलाय, डोस वाढवायचा की औषध बदलायचं? सीआरपीपेक्षा या प्रश्नाने जास्त काम होईल. गोळी मनाने बंद करू नका; चक्कर येते, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके बसतात.

ओंजळ: एक राहिलं. काही दिवसांत-आठवड्यांत विस्मरण, भ्रम, फिट्स, तोंडाच्या किंवा हातांच्या विचित्र हालचाली सुरू झाल्या तर तो खरोखरचा एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूची खरी सूज, असू शकतो. तेव्हा थेट न्यूरॉलॉजीची इमर्जन्सी गाठा. तिथे एमआरआयही लागतो आणि पाठीतलं पाणीही तपासतात. आणि जीव द्यायचे विचार बोलून दाखवले तर त्यांना एकटं सोडू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. मराठीत बोलता येतं.