मदत हवी आहे: जातपंचांचा दंड भरावा का?

राम राम मंडळी. आमचं गाव चोपडा तालुक्यात. चुलतभावानं जातीबाहेर लग्न केलं म्हणून पंचांनी २१,००० रुपये दंड लावलाय, तोही चक्क स्टँपपेपरवर! परवा त्याच्या लेकीचं बारसं होतं. वरण-बट्टीचं पातेलं तसंच राहिलं, भाऊबंदांपैकी एक माणूस फिरकला नाही.

काका म्हणतात, "भरून टाक. कोर्टात तारखाच पडतात, पंच एका रात्रीत मोकळे करतात." खोटं तरी कसं म्हणू?

सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा २०१६ चा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड. कुणी या कायद्याखाली तक्रार केलीय का? पोलीस ठाण्यात जावं की थेट मॅजिस्ट्रेटकडे? आणि तो स्टँपपेपर पुरावा म्हणून चालेल ना?