एलईडीच्या नावात मॉडेलचं नाव हवंच कशाला?

पॅचवाला (धागाकर्ता): लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) एलईडीचं नाव तीन भागांचं: डिव्हाइस, रंग, काम. ५.४ आवृत्तीपासून डिव्हाइस ट्रीत (हार्डवेअरच्या वर्णनात) फक्त ‘कलर’ आणि ‘फंक्शन’ द्यायचं, नाव कर्नल स्वतः जुळवतो. तरी लॅपटॉपचे नवे ड्रायव्हर पहिल्या भागात मॉडेलचं नाव कोंबतातच. मशीन कुठलं ते डीएमआय (बायॉसमधली मशीनची माहिती) सांगतंय की! तिथे दिवा कशाचा आहे ते यावं, म्हणजे कीबोर्डचा असेल तर ‘इनपुट३’. कशाचाच नसेल तर जागा रिकामी. मॉडेलचं नाव दिसलं की पॅच (कर्नलसाठी आलेला बदल) परत पाठवावा, असं माझं मत.

सर्किटराव: साफ असहमत. नाव एकदा बाहेर गेलं की तो करार झाला. ओपनडब्ल्यूआरटीने (राउटरवरच्या लिनक्सने) लेबलांतून मॉडेलचं नाव काढलं, तेव्हा लोकांच्या जुन्या सेटिंगमधली नावं बदलायला वेगळी मायग्रेशन स्क्रिप्ट द्यावी लागली. शोभेसाठी एवढा खटाटोप?

पॅचवाला: जुन्यांना हात लावा असं मी म्हटलेलं नाही, नव्यांबद्दल बोलतोय. आणि पूर्ण नावावर विसंबणारी स्क्रिप्ट मुळातच कच्ची. कीबोर्ड काढून परत लावला की ‘इनपुट३’चा ‘इनपुट१७’ होतो. सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा) नियम बघा, तो फक्त शेवटचं ‘केबीडी_बॅकलाइट’ (कीबोर्डचा उजेड) जुळवतो. जपायची ती शेपटी.

आयटूसी_पीडित: शेपटीही पुरत नाही. दोन दिव्यांचं नाव सारखं निघालं तर कर्नल दुसऱ्याला ‘_१’ चिकटवतो, आणि दुसरा कोण हे आधी कुठला नोंदला गेला त्यावर. ‘फंक्शन-एन्युमरेटर’ (एकाच कामाच्या दिव्यांना क्रमांक) द्या, प्रश्न मिटला.

पण नावांवरून एवढं भांडताय, वागणुकीचं काय? नुसता चालू-बंद होणारा दिवा ‘मॅक्स_ब्राइटनेस’ २५५ सांगतो आणि स्लायडर सरकवणारा बसतो वाट बघत. तिथे १ हवा. दिवा आयटूसी (दोन तारांच्या संथ जोडणीवरच्या) चिपमागे असेल तर ड्रायव्हरमध्ये उजेड बदलायला ‘ब्राइटनेस_सेट_ब्लॉकिंग’ हे फंक्शनच भरा. साधा ‘ब्राइटनेस_सेट’ झोपू (थांबून वाट बघू) शकत नाही. हार्टबीट ट्रिगर (दिवा ठोक्यांसारखा लुकलुकवणारा) त्याला टायमरमधून हाक मारतो आणि लॉगमध्ये ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ (थांबायला बंदी असताना थांबल्याची चूक) या ओळींचा पाऊस. फर्मवेअर एफएन बटणावर परस्पर उजेड बदलत असेल तर ‘ब्राइटनेस_एचडब्ल्यू_चेंज्ड’ कळवा, नाहीतर डेस्कटॉप जुनाच आकडा दाखवत राहतो.

सर्किटराव: हे सगळं मान्य. लुकलुकण्याचं मात्र अडतं. चिपला ठरावीकच वेग जमतात. मागितलेला नेमका वेग नसेल तर ड्रायव्हरने जवळचा घ्यावा.

पॅचवाला: नको, सरळ नकार द्यावा. मग कोअर (कर्नलचा सामाईक एलईडी कोड) सॉफ्टवेअर टायमरने नेमका वेग देतो. ३०० मिलिसेकंद मागून ५०० मिळाले तर मागितलेलं मिळालं असं कसं म्हणायचं?

सर्किटराव: आणि मशीन झोपलं की तुमचा टायमरही झोपतो! सस्पेंडमध्ये लुकलुकायला चिपच लागते. शिवाय ‘ब्लिंक_सेट’ला (ड्रायव्हरच्या लुकलुकण्याच्या फंक्शनला) वेळा पॉइंटरने मिळतात त्या उगाच नाही: जवळची वेळ घेतली तर ती तिथेच परत लिहायची. कुणाला फसवणं नाही त्यात.

आयटूसी_पीडित: परत लिहिली तर! तेवढीच ओळ राहून जाते. रिव्ह्यूत मी आधी तीच शोधतो, नाव नंतर.