रोमहून एकटीने ओर्व्हिएतो: एका दिवसात काय बघू, काय सोडू?

कोवळं_ऊन:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये कामासाठी रोमला जातेय. काम आटोपल्यावर एक अख्खा गुरुवार मोकळा मिळतोय. बरोबरचे सगळे आधीच निघतील, म्हणजे मी एकटीच. जवळच्या ओर्व्हिएतो गावातल्या कॅथेड्रलचा (मोठ्या चर्चचा) फोटो पाहिल्यापासून ते मनातून जात नाहीये. यादी केलीय: कॅथेड्रल, त्यातली चित्रकार सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं, ती खोल विहीर, डोंगराखालची भुयारं, एत्रुस्कन (रोमनांच्या आधीच्या लोकांची) थडगी, मोरो मनोरा. एका दिवसात एवढं होईल का? गुडघा अधूनमधून कुरकुरतो. आणि एकटीने हॉटेलात जेवायला बसायचं थोडं दडपण येतं.

दगडफूल:
जरूर जा, पण यादीतली निम्मी नावं आजच खोडा. पहिल्या खेपेला मीही अशीच यादी घेऊन गेले होते. विहीर झाली, भुयारं झाली, मनोरा झाला, आणि कॅथेड्रलमधल्या सान ब्रित्सिओच्या चॅपलमध्ये, जिथे सिन्योरेल्लीची चित्रं आहेत, शिरले तेव्हा बंद व्हायला जेमतेम वीस मिनिटं उरलेली. अर्धं छत बघून होत नाही तोच बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. पुन्हा तिथे पोचायला मला चार वर्षं लागली. म्हणून कळकळीने सांगते, दिवस कॅथेड्रलला द्या.

स्टेशन खाली आणि गाव वर, तुफा या ज्वालामुखीच्या राखेतून बनलेल्या दगडाच्या उभ्या कड्यावर. स्टेशनसमोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढणीची गाडी, मिळते. १८८८ साली ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची: वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो खाली येताना दुसऱ्याला वर ओढायचा. आता वीज आहे. वर उतरलात की बस घेऊ नका, कोर्सो कावूर या मुख्य रस्त्याने चालत निघा. मोरो मनोऱ्यापाशी डावीकडे वळलात की गल्ली अरुंद होत जाते आणि तिच्या टोकाला कॅथेड्रलचा तो दर्शनी भाग एकदम समोर उभा राहतो. पाय आपोआप थांबतात.

नजर आधी सोनेरी मोझॅककडे जाणारच. पण ती मोझॅक नंतरच्या शतकांत पुन्हा पुन्हा बदलली गेली आहेत. त्यामुळे तिथे फार न रेंगाळता खाली, दारांच्या दोन्ही बाजूंच्या चार रुंद खांबांकडे या. बांधकाम १२९० मध्ये सुरू झालं, शिल्पकार लोरेन्झो माइतानी १३१० मध्ये बांधकामाचा प्रमुख झाला आणि हे संगमरवरी कोरीवकाम त्याच्या काळातलं. डावीकडच्या पहिल्या खांबावर सृष्टीची उत्पत्ती आहे. आदम गाढ झोपलाय आणि देव त्याच्यावर वाकून कुशीतून बरगडी काढतोय, इतक्या हलक्या हाताने की झोपमोड होऊ नये. शेवटच्या खांबावर अंतिम निवाडा. मी पहिल्या खांबापाशीच पाऊण तास उभी होते. बरोबर कोणी असतं तर एवढं उभं राहू दिलं असतं का?

आत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या भिंती. खिडक्यांच्या खालच्या भागात काचेऐवजी अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाचे पातळ तक्ते आहेत, त्यातून उजेड कढवलेल्या तुपाच्या रंगाचा होऊन येतो. उजवीकडे टोकाला सान ब्रित्सिओ. तिथलं छत फ्रा आंजेलिको या साधू-चित्रकाराने १४४७ मध्ये रंगवायला घेतलं आणि काम अर्धवट राहिलं. सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ मध्ये ते पुरं केलं आणि खालच्या भिंतीही रंगवल्या. पुनरुत्थानाच्या, म्हणजे जगाच्या अंती मेलेले पुन्हा उठण्याच्या, चित्रात माणसं जमिनीतून वर येताहेत. कोणी कंबरेपर्यंत बाहेर आलाय आणि दोन्ही तळहात टेकून स्वतःला उपसतोय, कोणी अजून नुसता सांगाडा आहे. ख्रिस्तविरोधकाच्या (ख्रिस्ताचं सोंग घेऊन येणाऱ्या शत्रूच्या) चित्रात डाव्या कोपऱ्यात काळ्या झग्यातला माणूस बघा, तो स्वतः सिन्योरेल्ली. शेजारी त्याने फ्रा आंजेलिकोला उभं केलंय, ज्याला जाऊन तेव्हा चाळीसच्या वर वर्षं झाली होती. अर्धवट काम सोडून गेलेल्याला त्याने असं जवळ उभं केलं, हे मला फार भिडलं.

पायवाट:
दगडफूलताईंशी बहुतेक सहमत, पण विहीर खोडू नका. फ्युनिक्युलर जिथे वर थांबते तिथून ती दोन मिनिटांवर आहे. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला, आणि वेढा पडला तर पाणी असावं म्हणून त्याने वास्तुकार आंतोनिओ दा सांगाल्लोकडून ती खोदवायला घेतली. दोन गोल जिने एकमेकांत गुंफलेत, पण तळाशी असलेल्या पुलाखेरीज कुठेच मिळत नाहीत. पाणी वाहणारी खेचरं एकाने उतरायची, दुसऱ्याने चढायची. २४८ पायऱ्या आहेत, पण खेचरांसाठी केलेल्या, म्हणून रुंद आणि बुटक्या. माझे गुडघेही तक्रारखोर आहेत, तरी झेपलं. वर येताना खिडक्यांपाशी थांबत या, पलीकडच्या जिन्यावरची माणसं दिसतात.

कोवळं_ऊन:
दोघांचे मनापासून आभार. मग भुयारं, थडगी, मनोरा खोडले. विहीर आणि कॅथेड्रल ठेवते. जेवणाचं?

दगडफूल:
गुरुवार आहे ना, मग सकाळी गावातल्या पियात्सा देल पोपोलो या चौकात बाजार असतो. चीज आणि फळं तिथून घेऊन ठेवलीत तर जेवणाची चिंताच नाही. पण एकदा टेबलावर बसाच. "पेर उना" म्हणायचं, म्हणजे एकटीसाठी. कोणी वळूनही बघत नाही. उंब्रिकेल्ली मागवा, हाताने वळलेला जाड पास्ता, आणि चालत असेल तर गावचीच पांढरी वाइन. दुपारी उशीर करू नका, स्वयंपाकघरं बंद होतात.

चार वाजता पुन्हा कॅथेड्रलसमोर या. दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, त्यामुळे सकाळी सावलीत असलेले तेच खांब आता उन्हात येतात आणि आदमच्या अंगावरची प्रत्येक घडी उठून दिसते. समोर बसून घ्या. अंधारायच्या आत खाली उतरा, शेवटच्या गाडीवर विसंबू नका. आणि कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो.