मदत हवी आहे: कोल्हापूर, पन्हाळा, खिद्रापूर – भाड्याची गाडी स्वतः चालवून

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरचे. ९ ते १२ नोव्हेंबर कोल्हापुरात आहोत: मी, बायको आणि बाबा (वय ७४, दोन्ही गुडघे कुरकुरणारे). महाराष्ट्र एक्स्प्रेसने येतोय, म्हणून गाडी तिथेच भाड्याने घेऊन मीच चालवणार. ड्रायव्हर नको यावर बाबा ठाम आहेत. म्हणे ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी घड्याळ बघतो, मग आपणही बघायला लागतो.

बाबांनी ३२ वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि पन्हाळा आजवर फक्त फळ्यावर पाहिला, स्वतःच खडूने काढलेला. त्यांची अट एकच, राजधानी क्रमाने बघायची. करवीरची, म्हणजे कोल्हापूरची, गादी १७८२ पर्यंत पन्हाळ्यावर होती, मग खाली शहरात आली. तेव्हा आधी गड, मग शहर. "अंबाबाई समजून घेईल रे, ताराबाई नाही घ्यायच्या." यावर काय बोलणार!

पण ९, १०, ११ ला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव आहे. मावळतीचे किरण पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. बायकोला ११ ची संध्याकाळ चुकवायची नाही. म्हणून ठरवलंय असं: १० ला पन्हाळा आणि येताना जोतिबा, ११ ला सकाळी खिद्रापूर, नृसिंहवाडी करून चारपर्यंत परत, १२ ला नवा राजवाडा आणि टाउन हॉलचं म्युझियम. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला पोसायडन तिथे आहे, तो ग्रीक देव पंचगंगेकाठी कसा आला हे बाबा मला गाडीत सांगणार आहेत. दोनदा.

आता खरी अडचण. दोन गाड्यांचे भाव मिळालेत. एक २१०० रुपये रोज, नंबरची पाटी काळी, पिवळी अक्षरं. दुसरी १४०० रुपये, तीच गाडी, तेच मॉडेल, पण फोटोत पाटी पांढरी. "घरचीच गाडी हाय, बिनधास्त न्या," म्हणाला. मागच्या वर्षी दुसऱ्या एका शहरात बंपरवरच्या जुन्या ओरखड्यापायी माझ्या डिपॉझिटमधले ४००० गेले, म्हणून ताकही फुंकून पितोय. पांढरी पाटी घ्यावी का? गाडी देवळाजवळच्या महाद्वार रोडपर्यंत जाते का? आणि पन्हाळ्यावर बाबांना किती चालावं लागेल?

रंकाळा_वेस
दादा, पांढऱ्या पाटीचा नाद सोडा. ती खाजगी नोंदणीची गाडी, भाड्यानं द्यायची परवानगीच नसते. काही ठोकाठोकी झाली तर विमा कंपनी हात वर करणार आणि नाक्यावर अडवलं तर बाबांना घेऊन तुम्ही रस्त्यावर उभे. सातशे रुपयांसाठी कशाला? काळ्या पाटीवाल्याकडनं घ्या. ताब्यात घेताना चारी बाजूंनी, चाकांच्या रिमासकट, व्हिडिओ काढा. इंधनाचा काटा, किलोमीटर आणि फास्टॅगची शिल्लक त्यातच दिसू दे. देणाऱ्याचा आवाजही त्यात येऊ दे.

महाद्वार रोडला गाडी नेऊ नका, नेलीच तर परत फोन करून सांगा कशी काढली ते. बिंदू चौकात पार्किंग आहे, तिथनं भवानी मंडप चालत. बाबांना रिक्षानं जितकं जवळ सोडतील तितकं सोडा. किरणोत्सवाला आत गर्दी असते, तीन-साडेतीनलाच जाऊन बसा.

शिरोळकर_ताई
११ चा बेत ठीक आहे पण खिद्रापूरला सकाळी सातला निघा. नोव्हेंबर म्हणजे उसाचा हंगाम. आमच्याकडे रस्ताभर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. काहींवर ऊस इतका बाहेर आलेला असतो की काचेला टेकेपर्यंत कळत नाही. अंधार पडल्यावर नवख्या माणसानं गाडी चालवू नये, बस.

खिद्रापूरच्या कोपेश्वर देवळाच्या स्वर्गमंडपाला मध्ये छतच नाही, गोल उघडं आहे, बाबांना खाली बसवून वर बघायला लावा. आणि नंदी कुठे आहे असं विचारा. शिवाचं देऊळ असून समोर नंदीच नाही, तो पलीकडे कर्नाटकात येडूरला बसलाय. येताना वाडीला बासुंदी.

गडकरी_नव्हे
पन्हाळ्याला गाडी थेट गडावर जाते. नाक्यावर प्रवेशकराची पावती फाडावी लागते. तीन दरवाजा आणि अंबरखान्यापाशी गाडी जवळ लागते, चालणं थोडंच. अंधारबावीच्या आतल्या पायऱ्या मात्र बाबांना उतरवू नका, वरून दाखवा. झुणका-भाकर तिथेच खा.

जोतिबाला देवळापर्यंत पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणजे परत चढायच्याही. गुडघ्यांना ते नको. आणि एक सांगून ठेवतो: तिथला गुलाल सीटवर बसला की निघत नाही. भाड्याच्या गाडीत जायचंच असेल तर जुनी चादर अंथरा, नाहीतर बंपरच्या ४००० मध्ये भर पडेल.

(धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. काळी पाटी पक्की केली, आगाऊ ५०० दिलेत. जोतिबा रद्द. बाबा म्हणाले, "मग तो वेळ सज्जाकोठीला दे." चादर तरी घेतोय, पन्हाळ्याची लाल मातीही काही कमी नाही म्हणतात.

पांढऱ्या पाटीवाल्याचा आत्ताच मेसेज आला. १२०० ला देतो म्हणतोय.

रंकाळा_वेस
हजारावर येईल बघा. तरी नको.